मदत हवी आहे: विमानाचा इंधनाचा स्विच आपोआप बंद होऊ शकतो का?

नमस्कार मंडळी. आम्ही पेडण्याचे. चवथीला भाऊ बंगळूरहून विमानाने मोपाला यायचाय, आणि आई म्हणते, "रेल्वेनंच ये." कारण मामांचे फॉरवर्ड. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद विमान अपघाताला आधी पक्षी कारण, मग भेसळीचं इंधन, मग घातपात, आता वैमानिकानेच मुद्दाम! काल तर मामांनी चालू मिक्सरचं बटण टक्कन बंद करून 'हे असं' म्हणून दाखवलं. चटणी अर्धीच वाटली गेली, आई गप्प.

मी १२ जुलैच्या प्राथमिक अहवालाबद्दल वाचलंय. तपासलेलं इंधन ठीक होतं, पक्ष्यांची विशेष हालचाल नव्हती. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच सेकंदाभराच्या अंतराने बंद स्थितीत गेले. एक वैमानिक विचारतो, बंद का केलंस? दुसरा म्हणतो, मी नाही केलं. कोण काय बोललं, हेसुद्धा त्यात दिलेलं नाही. तरी लोक नाव घेऊन मोकळे. गेलेल्या माणसाबद्दल असं बोललेलं मला पटत नाही.

आता प्रश्न. बंद करायला हा स्विच आधी वर उचलावा लागतो ना, म्हणजे त्याला लॉक असतं? मग धक्क्याने बंद होईल का, तेही दोन्ही? २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफएएने (तिथली विमान सुरक्षेची सरकारी संस्था) काही बोइंग विमानांतल्या या लॉकबद्दल सूचना काढली होती, पण तपासणी सक्तीची नव्हती. त्याचा अर्थ काय घ्यायचा?

वास्को-दाबोळीकडे नौदलातून निवृत्त झालेले किंवा विमान देखभालीतले कोणी असाल तर कृपया सोप्या मराठीत लिहा. आईला वाचून दाखवायचंय. तिकीट शुक्रवारपर्यंत काढायला हवं.