अनुभव धागा: जुने स्पीकर पुन्हा बोलते करताना

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर गेलं की गंजलेले नळ आणि पितळी कड्या-कोयंड्यांच्या ढिगात कुठेतरी स्पीकरची एखादी जोडी दिसतेच. सहा वर्षांपूर्वी अशीच एक मी 1,200 रुपयांना उचलली. सागवानी विनियरची (वर चिकटवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्याची) खोकी, आठ इंची वूफर, म्हणजे खालच्या सुरांचे मोठे स्पीकर, आणि कोनाभोवतीच्या, म्हणजे हलणाऱ्या पडद्याभोवतीच्या, फोमचा पार भुगा. विकणारे चाचा म्हणाले, "साहेब, वाजत नाहीत, लाकडासाठी न्या." आज त्याच जोडीवर आमच्याकडे सकाळी तंबोरा लागतो आणि जवारी, तारांचा तो गुंजारव, अगदी स्वच्छ ऐकू येते.

जुन्या स्पीकरमध्ये चुंबक, ओतीव फ्रेम, लाकूड हा महागाचा ऐवज सहसा शाबूत असतो. जातो तो फोम, कपॅसिटर, गोंद, म्हणजे थोडक्या पैशांचा माल. म्हणून हे स्पीकर भंगारात जाताना बघवत नाहीत. तुम्ही काय आणलंत, किती खर्च आला, हात कुठे पोळले, ते इथे लिहा. सुरुवात माझ्यापासून.

पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने कुजतो. स्पीकर वाजवा नाहीतर माळ्यावर ठेवा, दहा-वीस वर्षांत तो जातोच. बोट लावलं की काळा चिकट भुगा हाताला येतो. माझे कोन कागदाचे होते. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन जुना गोंद तसूतसूने काढला, त्यातच दोन संध्याकाळी गेल्या. घाई केली की कागदाचा पापुद्रा सुटतो. फोमच्या नव्या रिंगांची जोडी साडेपाचशेला पडली. मागवताना नुसतं 'आठ इंची' सांगू नका. कोनाचा व्यास आणि फ्रेमच्या कडेचा आतला व बाहेरचा व्यास, तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये घ्या.

खरी कसोटी मध्य साधण्याची. व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनाला जोडलेलं तारेचं वेटोळं, चुंबकाच्या ज्या फटीत पुढेमागे हलते ती फट मिलिमीटरच्या अंशाएवढी. कोनाच्या मधली टोपी (डस्ट कॅप) धारदार पात्याने कापून उचलली आणि आईच्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या चार पट्ट्या कापून कॉइल आणि मधला खांब यांच्यामध्ये चारी बाजूंनी सरकवल्या. फोम आधी कोनाला चिकटवला, रात्रभर ठेवला, दुसऱ्या दिवशी फ्रेमला. पांढरा, पाण्यातला गोंद वापरला, तो सावकाश धरतो आणि रिंग सरकवून नीट बसवायला वेळ मिळतो. तिसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या आणि दोन्ही अंगठ्यांनी कोन हलकेच दाबला. काहीच आवाज नाही! पॉलिश पेपर घासल्यासारखी खरखर आली असती तर फोम सोडवून पुन्हा पहिल्यापासून.

कोल्हापूरहून

बाजारात जाताना मल्टिमीटर खिशात ठेवा बघा. ओहम हे विजेच्या अवरोधाचं माप; आठ ओहमचा वूफर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, चारचा तीन-साडेतीन. काटा हललाच नाही तर कॉइल तुटलीय. तरी चुंबक आणि फ्रेम धड असेल तर भाव पाडून घ्यायला हरकत नाही, कोन आणि कॉइल नवी बसवून मिळते.

मी मात्र त्यातच फसलो. दोन्ही वूफर कोन बदलायला एका दुकानात दिले. परत आले ते दिसायला झकास. वाजवल्यावर डावा जोरात, उजवा दबका, आणि अँप्लिफायर तासाभरात हात लावू देईना. मोजलं तर एक 6.1 आणि दुसरा 3.3. एकात चार ओहमची कॉइल घातली होती. पुन्हा सहाशे रुपये गेले. तेव्हापासून काम द्यायच्या आधी ओहम चिठ्ठीवर लिहून स्पीकरला बांधतो आणि घ्यायला गेलो की काउंटरवरच मोजतो.

गिरगावातून

आमच्या बाबांनी गल्लीतल्या सुताराकडून खोकी करून घेतली होती, आत फिलिप्सचे सुटे स्पीकर. बाबा गेल्यावर ती बारा वर्षं पलंगाखाली होती. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली नाही, डागकाम करायला यूट्यूबवर शिकले.

वूफर ठणठणीत होते, पण सगळा आवाज उशीतून आल्यासारखा. दोष क्रॉसओव्हरमधल्या, म्हणजे जाड-बारीक सूर वेगळे करणाऱ्या जोडणीतल्या, कपॅसिटरचा निघाला. 4.7 मायक्रोफॅरडचे नॉन-पोलर (अधिक-उणे नसलेले) इलेक्ट्रोलिटिक, एक मीटरवर 7 च्या वर गेलेला, दुसरा जवळजवळ मेलेला. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड चालत दहा मिनिटांवर. तिथून त्याच मूल्याचे फिल्म कपॅसिटर आणले. साधा, अधिक-उणे असलेला कपॅसिटर तिथे चालत नाही, हे दुकानातल्या काकांनी आधीच बजावलं.

आवाज मोकळा झाला, पण गाण्यातलं 'स' अक्षर कानाला टोचायला लागलं. जुन्या कपॅसिटरचा स्वतःचा थोडा अवरोध असतो, फिल्मवाल्याचा जवळपास नसतोच, त्यामुळे ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, पुढे येतो. एक ओहम, पाच वॅटचा रेझिस्टर त्याच्यासोबत सिरीजमध्ये लावला आणि आवाज बसला. एकूण खर्च 380 रुपये. क्रॉसओव्हरच्या लाकडी पाटीवर पेन्सिलीने बाबांच्या अक्षरात 'लाल वर' लिहिलेलं आहे. नवे भाग त्याच पाटीवर, ते शब्द सोडून बसवले.

सावंतवाडीहून

माझा धंदा सुतारकीचा. लोक खोक्यांना सरळ ऑइल पेंट मारतात त्याचं फार वाईट वाटतं. विनियर कडेला सुटलं असेल तर आत पातळ फेविकॉल सोडा, वर कागद ठेवून फळी आणि शिकंजा लावा, एक दिवस हात लावू नका. फुगा आला असेल तर त्यावर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा. जुना गोंद नरम होऊन बरेचदा पुन्हा धरतो. विनियर कागदासारखं पातळ असतं, मशीनने घासू नका. 220 चा पॉलिश पेपर हाताने, रेषेच्या दिशेने.

पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचं. स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, मलमलच्या बोळ्याने पातळ हात द्या, सात-आठ तरी. आणि पावसाळ्यात हे काम काढू नका. हवेतल्या ओलीने पॉलिश पांढरं पडतं. आमच्या कोकणात मी जूनपासून दसऱ्यापर्यंत गिऱ्हाइकाला थांबायला सांगतो.

श्टुटगार्टहून

इथे जर्मनीत लोक जुनं अवजड सामान ठरलेल्या दिवशी घराबाहेर ठेवतात. शेजारच्या आजींना विचारून मी सत्तरच्या दशकातली एक जोडी घरी आणली, फुकट. मागे एक चपटी आणि एक गोल पिन असलेला जुना जर्मन धाटणीचा डिन प्लग होता. गोल पिन अधिक, चपटी उणे, एवढं कळलं की साधी वायर जोडता येते. खोकी पूर्ण बंद, आत काचलोकर भरलेली. ती काढताना हातमोजे आणि मास्क घालाच, मला दोन दिवस खाज सुटली होती. वूफरखालची पट्टी वाळून हवा गळत होती, नवी फोमची पट्टी लावल्यावर खालचे सूर परत आले. खोकं हवाबंद आहे की नाही हे कोन दाबून सोडला की समजतं: तो सावकाश बाहेर यायला हवा.

फोंड्याहून

आमच्या भजनी मंडळाला कुणीतरी जुने स्पीकर दिले. खाऱ्या हवेने टर्मिनल हिरवे पडलेले, ते घासून साफ केले. सराउंड, म्हणजे कोनाभोवतीच्या कडा, कापडाचे, म्हणून अजून धड. पण दोन्ही एकत्र लावले की पखवाजाचा डावा हात गायबच! एकेकटा वाजवला तर दोन्ही उत्तम.

चार महिने आम्ही अँप्लिफायरला दोष देत बसलो. शेवटी मुंबईहून चतुर्थीला आलेल्या भाच्याने दीड व्होल्टचा सेल मागितला. त्याची दोन टोकं वूफरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवली. ट्वीटरला मात्र असं करायचं नाही. एका स्पीकरचा कोन बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला. मागे कधीतरी दुरुस्तीत एकाच्या आतल्या वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या, म्हणजे एक हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता. वायरी बदलायला पाच मिनिटं लागली, खर्च शून्य. त्या रात्रीच्या आरतीला पखवाज थेट रस्त्यापर्यंत ऐकू आला, आणि समोरच्या घरातले आजोबा विचारायला आले, नवे स्पीकर कधी घेतले म्हणून.