सामाईक कॉम्प्युटरवर एनक्रिप्शन म्हणजे अतिशहाणपणा?

कुलूपकिल्ली
‘आडवातिडवा’ यांनी परवा लिहिलं: घरात एकच कॉम्प्युटर चौघांत असेल तर फोल्डर ‘हिडन’ करा, फार तर वेगळं लॉगिन घ्या, व्हेराक्रिप्ट (फायली एनक्रिप्ट करणारं, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाहीत अशा रूपात साठवणारं सॉफ्टवेअर) वगैरे हेरांची खेळणी आहेत. वर लोकांनी ‘अगदी मनातलं बोललात’ म्हणून माना डोलावल्या. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं.

हिडन फोल्डर दिसायला व्ह्यू मेनूतली एक टिक पुरते, ती शाळकरी पोरांनाही माहीत असते. वेगळं लॉगिन बरं, पण ज्याच्याकडे अ‍ॅडमिन खातं आहे तो तुमच्या फोल्डरची मालकी स्वतःकडे घेऊन मोकळा होतो. आणि लॉगिनचा पासवर्ड डिस्कवरचं काहीच एनक्रिप्ट करत नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा, सगळं उघडं.

‘मग बिटलॉकर, विंडोजचं अख्खा ड्राइव्ह एनक्रिप्ट करणारं कुलूप, आहे की!’ आहे, पण तो बंद मशीनसाठी. लॅपटॉप चोरीला गेला तर उपयोग. मशीन सुरू होऊन ड्राइव्ह उघडला की सगळ्याच खात्यांसाठी उघडला. एकाच मशीनवरच्या दोन माणसांमध्ये तो भिंत घालत नाही. तिथे व्हेराक्रिप्टचा कंटेनरच हवा: एक फाइल, तिचा पासवर्ड, काम असेल तेव्हा ड्राइव्ह म्हणून माउंट करायची (म्हणजे उघडून जोडायची), संपलं की अनमाउंट.

आडवातिडवा
माझ्या घरात लिनक्सचा पेनड्राइव्ह घेऊन टपलेलं कुणी नाही, तुमच्या घरी असेल तर सहानुभूती. कपाटाला कडी लावली म्हणजे ‘उघडू नका’ एवढं कळतं, घरच्यांना तेवढं बास.

आणि तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतो. ज्याच्याकडे अ‍ॅडमिन खातं आहे तो कीलॉगर (दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्रॅम) टाकेल आणि तुमचा तीस अक्षरी पासवर्ड निवांत वाचेल. मग ते एईएस-२५६ एनक्रिप्शन काय चाटायचंय? शिवाय व्हेराक्रिप्ट ज्या ट्रूक्रिप्टचा वंशज, त्या ट्रूक्रिप्टवाल्यांनी २०१४ च्या मेमध्ये एका रात्रीत गाशा गुंडाळला. जाताना काय सांगितलं? आमचं असुरक्षित आहे, बिटलॉकर वापरा. अशांच्या भरवशावर आयुष्यभराच्या फायली ठेवा तुम्ही.

सांजसावली
कडी लावली की कळतं म्हणे. मी समुपदेशन करते, लोकांच्या नोंदी माझ्याकडे असतात. फोल्डर हिडनच होता. भाच्याने वर्ड उघडलं, ‘रीसंट’च्या यादीत फाइलचं नाव दिसलं, क्लिक केलं. वाईट हेतू काही नव्हता. पण रात्री जेवताना त्याने सगळ्यांसमोर विचारलं, ‘मावशी, हे कोण गं?’ त्या बाईने जे मला सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं ते माझ्या घरच्यांना कळलं. मला हेर नको होते, कुतूहल असलेलं एक पोर पुरलं.

रातकिडा
सांजसावली, कंटेनर केलात तरी ती ‘रीसंट’ची यादी तशीच राहील बरं का. फाइल उघडणार नाही, पण नाव दिसेल. तेव्हा फाइलच्या नावात माणसाचं नाव नको. टेम्प फोल्डरमधल्या तात्पुरत्या प्रती, हायबरनेशन फाइल (मशीन झोपवताना मेमरी जिथे उतरते ती), हे सगळं कंटेनरच्या बाहेर सांडतं.

कुलूपकिल्ली, तुम्ही मोठी गोष्ट गाळलीत. माउंट केलेला ड्राइव्ह त्या मशीनवर लॉगिन असलेल्या दुसऱ्यालाही दिसतो. ‘स्विच यूजर’ करून उठलात की तुमची भिंत गायब. प्रेफरन्सेसमध्ये लॉगऑफला, स्क्रीनसेव्हरला आपोआप अनमाउंट व्हायची सोय आहे, ती लावा. कीलॉगरबद्दल मात्र आडवातिडवा बरोबर आहेत. अ‍ॅडमिनवर विश्वास नसेल तर त्या मशीनवर खाजगी काही करूच नका.

ट्रूक्रिप्टचं म्हणाल तर कोड लोकांसमोर होता. २०१५ मध्ये त्याचं ऑडिट पुरं झालं, चोरदरवाजा (कोडमध्ये मुद्दाम ठेवलेली छुपी वाट) सापडला नाही. व्हेराक्रिप्टचंही २०१६ मध्ये झालं, चुका निघाल्या, बहुतेक दुरुस्त झाल्या.

वाटसरू७
चोरदरवाजा वगैरे राहू द्या. मामा गेले तेव्हा विम्याची कागदपत्रं, मामीचे जुने फोटो, सगळं एका कंटेनरमध्ये. पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. मामी आजही ती फाइल बघते. तुमचं एनक्रिप्शन चोरापासून वाचवतं की वारसांपासून?

कुलूपकिल्ली
वाईट वाटलं. पण यात सॉफ्टवेअरचा काय दोष? पासवर्ड बंद पाकिटात लिहून ठेवायला हवा होता, एवढी साधी गोष्ट आहे.

वाटसरू७
गेलेल्या माणसाला अक्कल शिकवल्याबद्दल आभार.

मुक्ताफळे
बघा, म्हणूनच मी म्हणते, नवराबायकोत पासवर्ड असूच नयेत. लपवायचं काय असतं एवढं?

सांजसावली
मुक्ताफळे, माझ्या नोंदी माझ्या नवऱ्याच्या नाहीत आणि माझ्याही नाहीत. ‘लपवणं’ आणि ‘दुसऱ्याचं जपणं’ यात फरक करता येत नसेल तर चर्चा थांबवू. आणि पासवर्ड मागणारा नवरा नेहमी प्रेमानेच मागतो असं वाटत असेल तर माझ्याकडे येणाऱ्या बायकांना एकदा भेटा.

मुक्ताफळे
लगेच अंगावर यायची गरज नव्हती. कामाच्या नोंदी वेगळ्या, एवढं मान्य. घरातल्या खर्चाच्या फाइलला पासवर्ड ही मात्र नाटकंच.

रातकिडा
वारसांच्या प्रश्नाला उत्तर आहे, पाकिटापेक्षा बरं. कंटेनर करताना आधी एक साधा पासवर्ड ठेवा, व्हॉल्यूम हेडरचा (कंटेनरचा तो भाग, ज्यात खरी किल्ली पासवर्डने बंद असते) बॅकअप घ्या, मग पासवर्ड बदला. तो बॅकअप आणि पहिला पासवर्ड विश्वासातल्या माणसाकडे. वेळ आली तर तो जुना हेडर परत बसवेल, पहिल्या पासवर्डने फाइल उघडेल. याची दुसरी बाजू बहुतेकांना ठाऊक नसते: पासवर्ड फुटला म्हणून नुसता बदलून भागत नाही. जुन्या हेडरची प्रत कुणाकडे असेल तर जुना पासवर्ड चालतोच. नवा कंटेनर करून फायली हलवाव्या लागतात.

आडवातिडवा
म्हणजे पासवर्ड बदलला तरी बदलत नाही. वा! यासाठी मी कडी सोडू?
बरं, समुपदेशन, वकिली, डॉक्टरी करणाऱ्यांनी वापरा बाबांनो. ‘हिडन पुरे’ हे त्यांना लागू नाही, लिहून घ्या. बाकीच्यांना छळू नका.

वाटसरू७
रातकिडा, मामांच्या डायरीत तीनचार शब्द सापडले होते. सगळे घालून पाहिले. व्हेराक्रिप्ट दरवेळी म्हणतं, पासवर्ड चुकीचा किंवा हा व्हेराक्रिप्ट व्हॉल्यूमच नाही. हेडरचं काही करता येईल?

रातकिडा
फाइल कधीची? आणि व्हेराक्रिप्ट कुठलं?

वाटसरू७
फाइल २०११ ची. व्हेराक्रिप्ट मागच्या महिन्यात उतरवलं, सगळ्यात नवं.

रातकिडा
२०११ मध्ये व्हेराक्रिप्ट नव्हतंच, मामांची फाइल ट्रूक्रिप्टची असणार. १.२६ या आवृत्तीपासून व्हेराक्रिप्टने ट्रूक्रिप्टचे कंटेनर उघडणं बंद केलंय, पासवर्ड बरोबर असला तरी हाच संदेश येतो. १.२५.९ उतरवा, पासवर्डच्या खिडकीत ‘ट्रूक्रिप्ट मोड’वर टिक करा. आधी फाइलची प्रत काढा, मूळ फाइलला हात लावू नका. मग डायरीतले ते सगळे शब्द पुन्हा घाला.

आडवातिडवा
हे त्यांना पहिल्याच प्रतिसादात कुणी सांगितलं असतं तर माझा अर्धा दिवस वाचला असता. वाटसरू, काय होतं ते इथे लिहा.