रेझोल्यूशन: पिक्सेल किती आणि किती दाट?

विचारणा: दिवाळी अंकासाठी फोटो पाठवला, तर ‘रेझोल्यूशन कमी आहे, ३०० डीपीआयचा (म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचा) पाठवा’ असं उत्तर आलं. रेझोल्यूशनला मराठीत काय म्हणायचं? आणि हे ३०० कशाचे?

प्रतिसाद: ‘विभेदन’ हा शब्द आहे, पण तो दुर्बिणीला शोभतो. जवळजवळचे दोन तारे वेगळे दिसतात की नाही, हे तिथे महत्त्वाचं असतं. फोटोच्या बाबतीत आपण एकाच शब्दात दोन गोष्टी कोंबतो आणि सगळा घोळ तिथे होतो. मी त्यांना ‘पिक्सेलसंख्या’ आणि ‘घनता’ म्हणेन.

पिक्सेल म्हणजे फोटो ज्यांचा बनतो ते बारीक रंगीत चौकोन. पिक्सेलसंख्या फोटोची स्वतःची असते, उदाहरणार्थ ३००० बाय २०००. घनता, म्हणजे इंचाला किती पिक्सेल, ही मात्र कागदावरचा आकार ठरल्याशिवाय ठरतच नाही. हाच फोटो १० इंच रुंद छापला तर इंचाला ३०० पिक्सेल पडतात, २० इंच छापला तर १५०. त्यामुळे ‘३०० डीपीआयचा फोटो’ हे बोलणं अर्धवट आहे. किती इंचांवर, तेही सांगायला हवं. पूर्ण ए४ पानासाठी ३०० च्या घनतेने २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, असं सांगितलं की काही शंका उरत नाही.

फोटोशॉपमध्ये ‘रीसॅम्पल’ची (पिक्सेलसंख्या बदलू देण्याची) खूण काढून घनता ७२ची ३०० केली, तर फक्त आकडा बदलतो, एकही पिक्सेल वाढत नाही. खूण ठेवून केली तर पिक्सेल वाढतात, पण ते आजूबाजूचे रंग पाहून अंदाजाने भरलेले. मूळ फोटोत नसलेला तपशील त्यातून येत नाही आणि मोठा छापला की फोटो फाटतो तो फाटतोच.

आता ३०० कुठून आले? ऑफसेट छपाईत फोटो लहानमोठ्या ठिपक्यांच्या ओळींमध्ये फोडतात, त्याला जाळी म्हणतात. चांगल्या कागदावर इंचाला साधारण १५० ओळींची जाळी असते आणि पिक्सेल त्याच्या दुप्पट घ्यायची पद्धत आहे. वृत्तपत्राच्या कागदावर जाळी ८५ ते १०० ओळींची, म्हणून तिथे २०० पुरतात. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला त्याहूनही कमी चालतात.

आणखी एक. डीपीआयमधला ‘डी’ म्हणजे यंत्राने उमटवलेला शाईचा ठिपका. फोटोला खरं तर पीपीआय (इंचाला किती पिक्सेल) म्हणायला हवं. पण छापखान्यात सगळे डीपीआयच म्हणतात, तिथे हट्ट धरू नये.

विचारणा: मग पडद्यासाठी ७२ ठेवायचे का?

प्रतिसाद: नाही, तो आकडा आता विसरा. १९८४च्या मॅकिंटॉशचा पडदा इंचाला ७२ पिक्सेलचा होता, म्हणजे एक पिक्सेल आणि छपाईतला एक पॉइंट (इंचाचा ७२वा भाग) सारखेच. २०१०च्या आयफोन ४ला ३२६ होते. पडद्यावर फोटो किती पिक्सेल रुंद आहे एवढंच पाहायचं.

तुमच्या अंकासाठी मात्र कॅमेऱ्यातली मूळ फाइल ईमेलला जोडून किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. चॅटवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर बहुतेक वेळा वाटेतच पिक्सेल कमी होतात.