किट तेच, हंगाम वेगळा
लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुताने दूषित पाण्या-चिखलातून, पायाच्या जखमांवाटे शिरणाऱ्या जंतूंचा ताप. त्याच्या झटपट रक्ततपासणीबद्दल काही जण म्हणतात, ‘रॅपिड टेस्ट ९५ टक्के अचूक, म्हणजे पॉझिटिव्ह आली की ९५ टक्के लेप्टोच.’ गडबड इथेच आहे. समजा, मे महिन्यात मालवणात तापाचे १००० रुग्ण, खरा लेप्टो १० जणांना. टेस्टने ९ पकडले, एक निसटला. पण उरलेल्या ९९० पैकी ५ टक्के, म्हणजे पन्नासेक उगाच पॉझिटिव्ह. ५९ मध्ये खरे ९! तेच भातलावणीच्या दिवसांत हजारात ३०० आजारी धरा: ३०५ पॉझिटिव्ह, त्यात २७० खरे.

उलटंही होतं. आमच्या काकांची तापाच्या दुसऱ्याच दिवशी निगेटिव्ह आली, घरचे निर्धास्त! अहो, ही टेस्ट शोधते ती अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, दिसायला पाचसात दिवस जातात. डॉक्टरांनी चिखलाने चिरलेली टाच बघून डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक) आधीच सुरू केली होती, म्हणून निभावलं.