साखरपुडा झाला आहे, पण आमचा अजून एकदाही मतभेद झालेला नाही : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. माझे वय २९ आहे. मी डोंबिवलीला आईवडिलांकडे राहते आणि ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत नोकरी करते. वधूवर सूचक मंडळाकडून आलेल्या स्थळाशी यंदा माझा साखरपुडा झाला असून लग्न मार्गशीर्षात आहे. मुलगा वसईचा, नोकरीला अंधेरीत, स्वभावाने शांत, निर्व्यसनी आणि माझ्याशी बोलण्यावागण्यात अतिशय आदबशीर आहे. दोन्ही घरचे लोक समाधानी आहेत. मग मदत कशासाठी हवी, असा प्रश्न वाचणाऱ्यांना पडेल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मी जे सुचवते त्याला तो होकार देतो. त्याची एखाद्या गोष्टीला हरकत असलीच, तर ती मला त्याच्या तोंडून कधीच कळत नाही; ती त्याच्या आईकडून माझ्या आईकडे येते आणि माझी आई रात्री जेवताना ती मला सांगते. घराचेच उदाहरण देते. लग्नानंतर वसईत राहिल्यास मला वसई रोडहून दादर, दादरहून ठाणे आणि ठाण्याहून ट्रान्सहार्बरने ऐरोली असा प्रवास रोज दोन्ही वेळा करावा लागेल. घाटकोपरला भाड्याने घर घेतले, तर त्याला मेट्रोने थेट अंधेरी गाठता येते आणि मला ठाण्याला एकदाच गाडी बदलावी लागते. हे मी त्याच्यापुढे मांडले तेव्हा ‘हो, बघू या की’ असे म्हणून त्याने फोनवर भाड्याच्या घरांच्या जाहिराती काढल्या, आणि त्यातल्या एका घराचा ओटा मला बुटका वाटतो का, असेही विचारले. त्याच आठवड्यात काकूंचा, म्हणजे त्याच्या आईचा, माझ्या आईला फोन आला : ‘अहो, घरात खोली रिकामी असताना मुलांनी भाडे का भरायचे? त्याच्याही मनात नाहीये, पण तो बोलायचा नाही.’ मी त्याला सरळ विचारले, तर ‘आई उगाच बोलली, तू मनावर घेऊ नकोस’ एवढेच उत्तर मिळाले. हॉल आणि पाहुण्यांची यादी यांच्या बाबतीतही हेच घडले.

माझी आई म्हणते, ‘भांडत नाही हे काय दुखणे झाले?’ मैत्रिणीच्या मते हे धोक्याचे लक्षण आहे. मला दोन्ही मते घाईची वाटतात. माणूस चांगला आहे याविषयी मला शंका नाही. पण ज्याचा नकार कसा असतो हे मला ठाऊकच नाही, त्याच्या होकारावर संसाराचे निर्णय कसे उभे करावेत, हे मला समजत नाही. उलटतपासणीचे स्वरूप न येऊ देता त्याच्या मनातले कसे काढून घ्यावे, काकूंना न दुखवता हा मधला मार्ग कसा बंद करावा आणि विवाहपूर्व समुपदेशनाचा अशा वेळी कितपत उपयोग होतो, याविषयी जाणकारांनी लिहावे. ‘मोडून टाका’ किंवा ‘लग्नानंतर सगळे सुरळीत होते’ असे एका ओळीचे सल्ले कृपया देऊ नयेत.

प्रतिसाद :
तुमच्या प्रश्नात काकूंवर बरेच लक्ष गेले आहे, पण निरोप पोहोचण्यासाठी तो घेणाराही लागतो, आणि तो तुमच्या घरात आहे. म्हणून पहिले बोलणे तुमच्या आईशी व्हायला हवे, काकूंशी नव्हे. वसईहून फोन आल्यावर त्यांनी फक्त ‘ते दोघे बोलतील आणि ठरवतील’ एवढे म्हणावे, त्यात भर घालू नये आणि रात्री तो विषय तुमच्यापुढे काढूही नये. दोनतीनदा असे झाले की या रस्त्याने निरोप पोहोचत नाही, हे पलीकडे आपोआप कळते. यात काकूंचा अपमान होत नाही. त्यांच्या बाजूने पाहिले तर मुलाची अडचण त्यांना दिसली आणि त्यांनी ती बोलून दाखवली. नकाराचा वाईटपणा त्यांनी घेतला आणि मुलगा सर्वांचा चांगला राहिला. ही सोय त्यांनी वर्षानुवर्षे पुरवलेली असणार. आमच्या पिढीत बहुतेक घरांत नवऱ्याचे खरे मत सासूकडूनच कळत असे, आणि ते कळेपर्यंत निर्णय होऊन गेलेला असे.

प्रतिसाद :
या विषयावर बराच अभ्यास झालेला आहे, म्हणून थोडे लिहितो. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत समोरासमोर बसवून, त्यांच्यात खरोखर असलेल्या एखाद्या मतभेदावर १५ मिनिटे बोलायला सांगितले आणि त्या वेळी दोघांच्या हृदयाचे ठोकेही मोजले. नाते टिकवणाऱ्या जोडप्यांमध्ये मतभेद नव्हते असे त्यांना आढळले नाही. उलट गॉटमन यांच्या मांडणीनुसार जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कायमचे असतात. स्वभाव आणि आवडी यांच्यातल्या फरकातून ते येतात आणि वर्षानुवर्षे त्याच स्वरूपात परत येत राहतात. नाते पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी सांगितल्या आहेत : कृतीऐवजी माणसावर टीका करणे, तुच्छतेने बोलणे, प्रत्येक तक्रारीला बचावाने उत्तर देणे आणि संवादातून मनाने उठून जाणे. यातली तुच्छता सर्वांत घातक मानली जाते. तुमचा प्रश्न चौथ्या सवयीच्या जवळचा आहे, मात्र सौम्य रूपातला, कारण तुमचा होणारा नवरा उठून जात नाही, तो होकार देऊन विषय मिटवतो.

१९९९ मध्ये गॉटमन आणि सिबिल कॅरेर यांनी नवविवाहितांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वादाची पहिली तीन मिनिटे कशी जातात, यावरून पुढच्या सहा वर्षांत कोणती जोडपी विभक्त होतील याचा अंदाज बांधता आला होता. अशा भाकितांवर पुढे आक्षेपही घेतले गेले, कारण ज्या जोडप्यांवरून सूत्र बसवले त्यांच्यावरच ते तपासले तर अचूकता फुगलेली दिसते, आणि हा आक्षेप मला रास्त वाटतो. शिवाय त्या प्रयोगशाळेत सासूबाई नव्हत्या. तरीही सुरुवात कशी करावी याविषयीचा त्यांचा सल्ला आपल्याकडेही लागू पडतो. ‘तू कधी मोकळेपणाने बोलतच नाहीस’ असे म्हटले की माणूस बचावाला उभा राहतो. ‘घाटकोपरच्या घराविषयी तुला काय वाटते ते मला तुझ्याकडून ऐकायचे आहे, ते मला आवडले नाही तरी चालेल’ असे म्हटले तर त्याला उत्तर द्यायला जागा उरते. बोलताना दोघांपैकी एकाच्या छातीत धडधडू लागले, तर किमान २० मिनिटे थांबावे आणि पुन्हा कधी बोलायचे ते ठरवूनच थांबावे, हेही त्यांनीच सांगितले आहे. वेळ न ठरवता थांबले, तर विषय टळतो.

प्रतिसाद :
मुलाच्या बाजूने थोडे लिहितो. बायोडेटात ‘अपेक्षा’ नावाचा रकाना असतो आणि स्थळे पाहायला लागल्यापासून मुलगाही त्या रकान्यातच जगू लागतो. साखरपुड्यानंतर नाही म्हटले तर मुलगी नाराज होईल, तिच्या घरी चर्चा होईल, ती चर्चा फिरून आपल्या घरी येईल, एवढा हिशेब करून तो हो म्हणतो. माझ्या अंदाजाने या नकारामागे पैसा असण्याची शक्यता बरीच आहे. वसईचे घर कोणाच्या नावावर आहे, त्यावर कर्ज आहे का आणि हप्ता कोणाच्या पगारातून जातो, हे तुम्हाला माहीत आहे का? नसल्यास आधी ते विचारा, आणि विचारताना स्वतःचा पगार, बचत आणि आईवडिलांना दरमहा काय देता हे तुम्ही आधी सांगा. दुसरे असे की, पहिला नकार मिळेल तेव्हा तो लगेच खोडून काढू नका. तुमचा युक्तिवाद कितीही बिनतोड असला, तरी त्या क्षणी तो जिंकलात तर पुढचा नकार पुन्हा आईकडूनच येईल.

प्रतिसाद :
विषयाला धरूनच एक उपप्रश्न विचारतो. मी अजून स्थळे पाहतो आहे. समोरच्या व्यक्तीचा असा स्वभाव पहिल्यादुसऱ्या भेटीत ओळखता येतो का?

धागाकर्तीचे उत्तर :
माझ्या अनुभवावरून सांगते, आवडीनिवडी विचारून काहीच कळत नाही. ‘अलीकडे घरच्यांना तुम्ही कशाला नाही म्हणालात आणि ते कसे सांगितलेत?’ असे विचारावे आणि आपलेही उत्तर तयार ठेवावे. बाकी सर्वांचे आभार. त्याला नाही म्हणता येतच नाही असे मात्र नाही. कंपनीने त्याची चाकणला बदली करायचे ठरवले होते, तेव्हा त्याने साहेबांना स्पष्ट नकार दिला होता, हे त्यानेच मला सांगितले आहे. कर्जाविषयी मला खरोखर काहीच माहीत नाही. बायोडेटात ‘स्वतःचा फ्लॅट’ एवढेच लिहिले होते.

प्रतिसाद :
वरच्या चर्चेत एक अवघड गोष्ट राहून गेली आहे, ती स्पष्टच लिहिते. सगळ्याला होकार देण्याची सवय असलेल्या माणसाने लग्नालाही त्याच सवयीने होकार दिला आहे का, हे तुम्ही त्याला विचारायला हवे. प्रश्न कठोर आहे, पण तो विचारण्याची वेळ हीच आहे. साखरपुड्याने कोणालाही लग्नाची सक्ती करता येत नाही. लग्न झाल्यावर मात्र हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १४ प्रमाणे, अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास पहिल्या वर्षात घटस्फोटाचा अर्जही करता येत नाही, आणि परस्परसंमतीने वेगळे व्हायचे तरी आधी वर्षभर विभक्त राहावे लागते.

समुपदेशनाविषयी : १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे, म्हणजे तो समुपदेशक भेटतो तो दोघे न्यायालयाची पायरी चढल्यावर. लग्नाआधीची सोय बहुतेकदा आपली आपणच शोधावी लागते. चांगला समुपदेशक दोघांना सहसा वेगवेगळे आणि एकत्र असे दोन्ही प्रकारे भेटतो, पैसा, मुले, आईवडिलांची जबाबदारी आणि शरीरसंबंधांविषयीच्या अपेक्षा यांवर दोघांना एकमेकांशी बोलायला लावतो आणि स्वतः निकाल देत नाही. एका प्रश्नावलीवरून ‘तुमचे जुळते’ किंवा ‘जुळत नाही’ असे कोणी सांगू लागला, तर पत्रिका पाहणाऱ्याकडे जाणे निदान स्वस्त पडेल. तुमच्या बाबतीत समुपदेशनाचा उपयोग एवढाच, पण मोठा आहे, की तिथे त्याच्या वतीने उत्तर द्यायला आई नसेल.

धागाकर्तीचे उत्तर :
आमचे बोलणे झाले, म्हणून कळवते. ठाण्याला तलावपाळीवर चालत चालत बोललो. समोरासमोर बसण्यापेक्षा ते सोपे गेले. मी आधी माझे आकडे सांगितले. त्यावर बराच वेळ गेल्यावर त्याने सांगितले की वसईच्या फ्लॅटचा ३१,००० रुपयांचा हप्ता त्याच्या पगारातून जातो, वडिलांना पेन्शन नाही, आणि घाटकोपरचे भाडे त्याला झेपणार नाही, हे त्याला जाहिराती पाहतानाच माहीत होते. भाडे मी भरेन, असे मी म्हणाले. तो गप्प झाला. मीही पुढे बोलले नाही, जे मला फार जड गेले. मग तो म्हणाला की लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायकोच्या पगारावर घर चालवणे त्याला पटत नाही. मला हे मत मुळीच मान्य नाही आणि ते मी त्याला सांगितले. त्यावर त्याने ‘ठीक आहे’ म्हटले नाही, आपले म्हणणे पुन्हा सांगितले. निर्णय झालेला नाही. दोघांनी खर्च मांडून पुढच्या रविवारी पुन्हा बसायचे ठरले आहे, आणि घाटकोपरऐवजी ठाण्यात थोडे स्वस्त घर पाहण्याचा पर्याय त्याने सुचवला आहे.

लग्नाविषयीचा प्रश्नही विचारला. आधी आलेली काही स्थळे त्याने आईच्या मनाविरुद्ध नाकारली होती आणि या स्थळाला होकार त्याचा स्वतःचा आहे, असे त्याने सांगितले. त्यावर माझा विश्वास बसला. समुपदेशकाकडे जायला मात्र त्याने तोंडावर नकार दिला. मला समुपदेशन हवे आहे, तरीही त्या नकाराने मला बरे वाटले, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

आता प्रश्न उरतो तो असा की, ठाण्याचा विचार चालू आहे हे काकूंना आताच सांगावे की ठरल्यावर?

प्रतिसाद :
विचार चालू आहे एवढे आताच सांगावे, कारण जाहिराती पाहिल्याची बातमी लपत नाही आणि ती तिसऱ्याकडून कळली की फोन सुरू होतात. वसईला त्यानेच सांगावे, तुमच्या उपस्थितीशिवाय. डोंबिवलीला तुम्ही सांगा. दोघांनी काय सांगायचे ती दोन वाक्ये आधी ठरवून घ्या आणि हप्त्याचा आकडा तुमच्या घरी सांगायचा की नाही, हे त्याला विचारल्याशिवाय ठरवू नका. समुपदेशनाचा विषय रविवारच्या हिशेबात मिसळू नये. तो नंतर, वेगळ्या दिवशी पुन्हा काढावा, आणि त्याला का जायचे नाही याचे कारण आधी ऐकून घ्यावे.