फक्त हाताच्या हत्यारांनी जड वर्कबेंच बांधायचा आहे: कोणती हत्यारं आधी घ्यावीत?

लाकूडरेषा (धागाकर्ता)

1800 मिमी लांब आणि 600 मिमी रुंद, 75 मिमी जाड पाट असलेला वर्कबेंच बांधायचा आहे. वीज वापरायची नाही. फार तर भोकांसाठी ड्रिल. लहान पेट्या, शेल्फ, फळ्यांचे साधे सांधे जमतात. कूस-भोकाचा सांधा (एका लाकडाचं निमुळतं टोक, म्हणजे कूस, दुसऱ्याच्या भोकात बसवणं) अजून केलेला नाही. प्रश्न असे:

1. वीस-पंचवीस हत्यारांची तयार पेटी घ्यावी, की तेवढ्याच पैशात मोजकी चांगली हत्यारं?
2. रंधा एकच परवडणार असेल तर कोणत्या मापाचा?
3. पाटासाठी एकसंध रुंद लाकूड शोधावं की पट्ट्या चिकटवाव्यात?
4. पाय आणि आडव्या पट्ट्या बोल्टने जोडाव्यात की कुसांनी?

---

सहाण_आधी

पेटी घेऊ नका. त्यातली निम्मी हत्यारं या कामात लागत नाहीत, आणि जी लागतात त्यांचंच पोलाद मऊ निघतं. चांगल्या पटाशीची कठिणता रॉकवेल मोजपट्टीवर साधारण 58 ते 62 असते. त्याहून बरीच मऊ पटाशी कठीण लाकडात दहा-बारा ठोक्यांत धार दुमडते, आणि शिकणाऱ्याला वाटतं की चूक आपल्या हाताची आहे.

पहिला खर्च धार लावण्याच्या सामानावर करा, हत्यारांवर नंतर. 1000 आणि 6000 ग्रिटची (आकडा मोठा तेवढी सहाण बारीक) पाण्याची सहाण, सहाण सपाट ठेवायला जाड काचेवर चिकटवलेला 220 चा पॉलिश पेपर, आणि चामड्याची पट्टी. एवढ्यावर वर्षानुवर्षं काम चालतं. पाण्याची सहाण मधोमध खोलगट होत जाते. तिच्यावर पेन्सिलने चौकटी आखा आणि रेषा सगळीकडून पुसल्या जाईपर्यंत पेपरवर घासा. खोलगट सहाणेवर पटाशीची पाठ (उतार नसलेली बाजू) कधीच सपाट होणार नाही.

नव्या पटाशीची पाठ धारेकडचे 25 मिमी तरी आरशासारखी करा. बाकीच्या पाठीची गरज नाही. उतार 25 अंशांचा, आणि त्याच्या टोकाला 30 अंशांची बारीक दुसरी धार. पाठीकडून बोट धारेच्या बाहेर सरकवलं की ओठ (घासून धारेवर उलटलेली पोलादाची बारीक कड) लागायला हवा, तोही एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. ओठ मध्येच तुटक लागत असेल तर तिथे सहाण धारेपर्यंत पोचलेलीच नाही; 6000 वर कितीही घासा, उपयोग नाही. मागे जाऊन 1000 वरच पूर्ण करा. बहुतेकांची धार याच एका ठिकाणी अडते.

या बेंचपुरती यादी:
- पटाश्या 6, 12, 19 आणि 25 मिमी
- लाकडी मोगरी
- रंधा (खाली लिहितो)
- लाकडाच्या रेषेच्या (तंतूंच्या) दिशेने चिरणारी करवत, इंचाला 5 ते 7 दाते. आडवी कापणारी, इंचाला 8 ते 10 दाते
- गुण्या, मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ आखणारं हत्यार), आखणीची सुरी, पोलादी पट्टी

चिरायची आणि आडवी कापायची करवत वेगवेगळी लागते. चिरणाऱ्या करवतीचा दाता लहान पटाशीसारखा असतो, सरळ घासलेला. आडव्या करवतीचा दाता 15 ते 20 अंश तिरका घासलेला असतो, म्हणजे तो सुरीसारखा तंतू आधी छेदतो. आडव्या करवतीने 1800 मिमीची फळी चिरायला घेतली तर भुसा दातांत अडकतो, करवत तापते आणि रेषेवरून सरकते. दाते काळे-निळे दिसत असतील तर ते उष्णता देऊन कठीण केलेले आहेत. त्यांना कानस लागत नाही, बोथट झाले की पातं बदलायचं.

रंधा एकच घेणार असाल तर 5 नंबरचा, 14 इंची. तो पातं जरा गोलसर करून जाड साल (रंध्याने निघणारा लाकडाचा छिलका) काढतो, आणि पातं सरळ करून बारीक लावला की सफाईलाही चालतो.

---

पीळ_पन्हाळ_वाक

वरच्या प्रतिसादाशी एक सोडून सगळीकडे सहमत. 5 नंबर एकट्यावर 1800 मिमीच्या कडा सरळ करणं शक्य आहे, पण सोपं नाही. 14 इंची तळ लांबट उंचवट्यावर चढतो आणि उतरतो, त्यामुळे कडेला लाट राहते. 22 इंची 7 नंबर उंचवट्यावर टेकून राहतो आणि फक्त माथाच कापतो. एकच घ्यायचा असेल तर 5 नंबर ठीक. मात्र सगळ्या पट्ट्या चिकटवायच्या असतील तर दुसरी खरेदी 7 नंबरचीच असावी, 4 नंबरची नव्हे.

रंधे जुने घ्यायला हरकत नाही. 5 आणि 7 नंबर हे बेली पद्धतीचे लोखंडी रंधे आहेत. त्या पद्धतीच्या पेटंटचे हक्क स्टॅन्ली या हत्यार कंपनीने 1869 मध्ये घेतले आणि रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही, म्हणून सुटे भाग मिळतात. बघताना:

तोंडापासून (तळातली, पातं बाहेर येण्याची फट) निघालेली बारीक भेग. ओतीव लोखंड सांधून फायदा नाही, तो रंधा सोडा. तळाचा गंज वरवरचा असेल तर चालतो. पण पात्याच्या पाठीला, धारेपासून 10 मिमीच्या आत खड्डे असतील तर नवं पातं धरून हिशेब करा, कारण खड्डा धारेपर्यंत आला की लाकडावर रेघ उठते. मूठ तुटलेली असेल तर काळजी नको, ती लाकडाची असते, नवी करता येते.

तळ पूर्ण सपाट हवा हा गैरसमज आहे. पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढचा भाग आणि मागचं टोक, हे तीन एका पातळीत असले की पुरे. तोंडाच्या पुढचाच भाग वर उचललेला असेल तर तिथे लाकूड दाबलं जात नाही आणि रेषा उपटून येतात.

रेषा उपटण्याचं दुसरं कारण वरची टोपी, म्हणजे पात्यावर कसलेली लोखंडी पट्टी. ती धारेपासून 1 मिमीवर असेल तर साधं काम होतं. उलट्या रेषेच्या लाकडात 0.3 ते 0.5 मिमीवर आणा. साल टोपीवर आपटून लगेच मोडते आणि पुढे फाटत जात नाही. टोपीची कड आणि पातं यांत फट असेल तर साल तिथे घुसून तोंड चोंदतं. टोपीची कडसुद्धा सहाणेवर घासून बसवावी लागते.

आणि गुण्या तपासा, नवा असला तरी. सरळ कडेला लावून सुरीने रेघ ओढा, गुण्या उलटा फिरवून त्याच बिंदूतून दुसरी ओढा. दोन रेघांमधली फट म्हणजे चुकीच्या दुप्पट. याहून स्वस्त आणि खात्रीची तपासणी नाही.

---

लाकूडरेषा (धागाकर्ता)

आभारी आहे. धार लावण्याचं सामान, 5 नंबर आणि चार पटाश्या ठरल्या. आता लाकडाबद्दल सांगा. 50 मिमी जाड, 180 ते 200 मिमी रुंद फळ्या मिळू शकतात, सपाट चिरलेल्या (वर्षवलयं फळीच्या रुंद बाजूला साधारण समांतर). क्लॅम्प पाचच आहेत.

---

तंतू_आडवा

एकसंध रुंद लाकूड शोधू नका. मिळालं तरी ते आतून वाळलेलं नसतं (उघड्यावर वाळवताना एक इंच जाडीला साधारण एक वर्ष धरतात), आणि वाळताना त्याला पन्हाळ पडते, म्हणजे ते रुंदीत खोलगट वाकतं.

तुमच्या फळ्या सपाट चिरलेल्या आहेत, हे इथे फायद्याचं आहे. त्या 80 मिमीच्या पट्ट्यांत चिरा आणि प्रत्येक पट्टी 90 अंशांत फिरवून उभी चिकटवा. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जेवढं फुगतं त्याच्या सुमारे निम्मंच ते गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने फुगतं. पट्टी उभी केली की पाटाच्या रुंदीत ही कमी फुगणारी दिशा येते. 600 मिमी रुंदीत ओलावा 4 टक्क्यांनी बदलला तर फळ्या आडव्या ठेवून साधारण 6 मिमी फरक पडेल, उभ्या ठेवून 3 मिमी. लांबीत फरक जवळजवळ नसतोच.

पट्ट्या 12 घेतल्या तर रंधल्यावर रुंदी 600 पेक्षा थोडी कमी भरेल. एखादी जास्त चिरून ठेवा. 80 मिमीच्या पट्टीतून 75 मिमी पाट निघतो. ते 5 मिमी पट्ट्यांमधली उंच-सखल काढण्यात जातात.

चिरून झालं की लगेच रंधू नका. फळीतला ताण सुटून पट्ट्या वाकतात. खोलीत काठ्यांवर रचून दोन आठवडे ठेवा, मग रंधा. क्रम असा: पहिली बाजू सपाट, तिच्या दोन टोकांवर एकसारख्या सरळ काठ्या ठेवून पीळ बघा, मग तिला काटकोनात कड. पीळ असलेली पट्टी क्लॅम्पने दाबून सरळ करू नका. गोंद सुकला तरी ती ओढ कायम राहते आणि पाट पिळवटतो.

चिकटवण्याआधी प्रत्येक पट्टीची रेषा कोणत्या दिशेने चढते ते खडूच्या बाणाने दाखवा आणि सगळे बाण एका बाजूला ठेवा. हे विसरलात तर शेवटी पाट रंधताना एक पट्टी गुळगुळीत आणि शेजारची उपटलेली असं होत राहील, आणि तेव्हा उपाय उरत नाही.

पाच क्लॅम्प 1800 मिमीला कमी आहेत. 200 ते 250 मिमीला एक धरा. एकाच वेळी बारा पट्ट्या चिकटवायला जाऊच नका. पांढरा गोंद पाच-दहा मिनिटांत पापुद्रा धरतो. चार-चार पट्ट्यांचे तीन गठ्ठे करा, प्रत्येक गठ्ठा सरळ करून मगच तिन्ही जोडा. आणखी तीन-चार क्लॅम्प उसने मिळवा. नाहीतर बाहेरच्या बाजूंना जाड, मधोमध किंचित फुगीर लाकूड लावून दाब पसरवा. लाकूड सागाचं असेल तर चिकटवायच्या बाजू त्याच वेळी ताज्या रंधून अ‍ॅसिटोनने पुसा, कारण त्यातलं तेल गोंद धरू देत नाही. सागात सिलिकाही असते, धार लवकर जाते.

---

खुंटी_ठोका

चौथ्या प्रश्नावर. बोल्ट चालतात, पण रंधताना बेंचला लांबीच्या दिशेने सतत धक्के बसतात आणि बोल्टची भोकं हळूहळू ढिली होतात. कसत राहावं लागतं. कुसाला आरपार खुंटी मारली, भोकं किंचित सरकवून, तर सांधा स्वतःला ओढून घेतो. गोंद, क्लॅम्प काहीच लागत नाही. तुमच्याकडे क्लॅम्प कमी आहेत, म्हणजे ही रीत तुमच्यासाठीच आहे.

पाय 90 × 90, आडव्या पट्ट्या 120 × 40 मिमी धरा. कुसाची जाडी पट्टीच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ, पण पटाशीच्या मापाची: इथे 12 मिमी. लांबी 60 मिमी. भोक आधी 10 मिमी ड्रिलने ओळीने पाडा आणि भिंती पटाशीने साफ करा. मार्किंग गेजने पायाच्या ज्या बाजूवरून भोक आखलं, पट्टीच्या त्याच बाजूवरून कूस आखा. बाजू बदलली की पट्टी पायाच्या पातळीत बसत नाही.

खुंटीचं भोक 10 मिमी, पायाच्या कडेपासून 20 मिमीवर, प्रत्येक पट्टीला दोन. आधी फक्त पायाला भोक पाडा. कूस घाला, ड्रिलच्या टोकाने कुसावर खूण करा, कूस बाहेर काढा. नवी खूण कुसाच्या खांद्याकडे (कूस जिथून सुरू होतो ती पायाला टेकणारी कड) सरकवा: कठीण लाकडात 1.5 ते 2 मिमी, मऊ लाकडात 3 मिमीपर्यंत. उलट दिशेला सरकवली तर खुंटी सांधा उघडते. ही चूक होते, म्हणून खांद्याकडे बाण काढून ठेवा.

खुंट्या कापलेल्या काठीच्या नकोत, फोडलेल्या लाकडाच्या हव्यात. फोडताना तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. करवतीने कापलेल्यात रेषा तिरकी असेल तर वाकताना मोडते. टोक पेन्सिलसारखं निमुळतं करा, भोकापेक्षा 40 मिमी लांब ठेवा, आणि आवाज बदलला की ठोकणं थांबवा.

लांबीच्या दिशेच्या पट्ट्या जमिनीपासून 150 मिमीवर बसवा. मधल्या जागेत फळी टाकली की जड सामान ठेवता येतं. पाटाचं वजन मात्र आधी धरा: बीचसारखं घनमीटरला 700 किलो भरणारं लाकूड असेल तर नुसता पाट 57 किलोच्या आसपास भरतो. तो उलटवायला दोन माणसं लागतील.

उंची ठरवताना सरळ उभं राहून हात खाली सोडा, तळवा जमिनीला समांतर करा. तळवा जिथे येतो ती रंध्याच्या कामाची उंची. पाय 30 मिमी जास्त ठेवा. आठवडाभर रंधून बघून मग कापा.

---

पीळ_पन्हाळ_वाक

एक भर. पाटाला शेगडा (लाकूड आवळून धरणारा पकडा) बसवायची घाई नको. 19 मिमीची भोकं पाडून होल्डफास्ट (भोकात ठोकला की लाकूड पाटावर दाबून धरणारा लोखंडी आकडा) वापरला आणि पुढच्या टोकाला अडकण (रंधताना लाकूड टेकवायचा ठोकळा) लावली की बहुतेक काम होतं. 75 मिमी जाडी होल्डफास्टला योग्य आहे. 100 मिमीच्या वर गेलात तर तो नीट अडकत नाही आणि भोक खालून रुंद करावं लागतं. भोकं पाडण्याआधी खाली पाय किंवा पट्टी कुठे येते ते पाटाखालून आखून घ्या.

पाट पायांवर बसवल्यावर दोन-तीन आठवडे थांबा आणि मग शेवटचा सपाट करा: आधी 45 अंशांत दोन्ही तिरक्या दिशांनी, मग लांबीने. काठ्यांनी पीळ दर वेळी बघा.

---

लाकूडरेषा (धागाकर्ता)

पाट पायांना कसा जोडायचा? त्यालाही गोंद लावायचा का?

---

तंतू_आडवा

गोंद नको. पाट रुंदीत तीनेक मिमी हलणार आहे आणि खालची आडवी पट्टी हलणार नाही. पुढच्या दोन पायांना माथ्यावर 25 मिमी लांब कूस ठेवा आणि पाटाखालच्या भोकांत घट्ट बसवा. मागच्या पायांची भोकं रुंदीच्या दिशेने दोन्ही बाजूंना 3 मिमी मोठी करा. पुढची कड अशी जागेवर राहते, हालचाल सगळी मागे जाते. पाट स्वतःच्या वजनाने बसतो. उचलून नेताना सुटू नये एवढ्यासाठी मागच्या आडव्या पट्टीतून लांबट भोकात एक स्क्रू पुरे.