जामीनदाराचा सिबिल आणि बोटीचे कर्ज

जामीनदाराचा सिबिल स्कोअर (आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारा गुणांक) उत्तम असला की बोटीचे कर्ज हमखास मिळते, असे मत मासेमारीच्या बोटींसाठीच्या कर्जावरील चर्चेत मांडले गेले; ते मला अर्धेच पटते, कारण स्कोअरसोबत त्याच्या नावावर आधीच चालू असलेले हप्ते आणि त्याने इतरांना दिलेले जामीनही पाहिले जातात. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, ही बाब चर्चेत कोणीच मांडलेली नाही.

मी रत्नागिरीतल्या माझ्या मेव्हण्याच्या ट्रॉलरसाठी जामीन राहिलो होतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत बोट जेटीला बांधलेली, डिझेलची उधारी डोक्यावर, आणि दोन हप्ते थकले. चार महिन्यांनी मी घरासाठी कर्ज मागायला गेलो, तेव्हा अधिकाऱ्यांनी माझ्या सिबिल अहवालातील त्याच थकबाकीच्या ओळीवर बोट ठेवले. त्यामुळे सही करण्यापूर्वी बंदीचे दोन महिने वगळून हप्ते आखून द्यावेत, असा आग्रह कर्जदाराइतकाच जामीनदारानेही धरावा आणि ते वेळापत्रक लेखी घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.